पंख आपले, इंजिन परक्याचे

वऱ्हाडातील शेतकऱ्याने इंजिनाला एकाच कामाचे यंत्र कधी मानले नाही. विहिरीवर पाणी उपसणारे ऑईल इंजिन हंगामात मळणी यंत्राला जोडायचे आणि गरज पडली तर त्याच्यावरच पिठाची गिरणी फिरवायची, हा बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांना परिचित असलेला व्यवहार. महागडे यंत्र जितक्या कामांना लावावे तितके ते स्वस्त पडते, हे त्यामागचे साधे गणित. मोटारीचे इंजिन विमानाला बसवून विमान सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचा खटाटोप जगभरातील हौशी विमानबांधकांनी केला तोही याच गणिताच्या आधारे. भारतीय आराखड्याचे पहिले विमान आकाशात नेणाऱ्या पथकाचे प्रमुख डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या कारकिर्दीलाही हे गणित वारंवार आडवे आले. विमानाचे पंख, सांगाडा आणि शेपूट त्यांनी देशातच घडवून दाखवले. इंजिन मात्र परदेशातून आणावे लागले. स्वस्त विमानाचे भारतीय स्वप्न अडले ते नेमके येथेच.

हसूरचंपू ते गॉटिंगेन

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावी झाला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. ग्रामीण महाराष्ट्रातून आलेल्या या बुद्धिमान तरुणाने पुढे जर्मनीची वाट धरली आणि गॉटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रांटल हे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जातात. हवेतून जाणाऱ्या वस्तूच्या पृष्ठभागालगत हवेचा एक पातळ थर मंदावतो आणि विमानाला होणारा बराचसा विरोध त्या थरात ठरतो, ही सीमास्तराची कल्पना त्यांनी १९०४ मध्ये मांडली होती. विमान म्हणजे लाकूड व कापडाची कारागिरी ही समजूत मागे टाकून त्याला गणिताची बैठक देणाऱ्या पिढीत घाटगे यांचे शिक्षण झाले.

त्या काळचे जर्मनीतील वातावरणही लक्षात घेण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहामुळे तेथील इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली होती. परिणामी जर्मन तरुण ग्लायडरकडे वळले. इंजिनच नसल्यामुळे वजनातील प्रत्येक किलो आणि पंखाच्या आकारातील प्रत्येक वळण मोलाचे, हा धडा तेथील विमानविद्येने त्या सक्तीतून घेतला.

पहिले विमान इंजिनाविना

घाटगे मायदेशी परतले तेव्हा भारतात विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता. ही उणीव महाराष्ट्रातील एका उद्योजकानेच भरून काढली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. मोटारीचा कारखाना काढण्याचीही त्यांची खटपट त्याच सुमारास चालू होती. प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या रूपाने ती पुढे १९४४ मध्ये फळाला आली. विमान आणि मोटार या दोन्ही उद्योगांची पायाभरणी एकाच माणसाने केली. तरीही दोन्ही उद्योगांचे मार्ग वेगवेगळेच राहिले, ही बाब पुढील कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

घाटगे १९४० मध्ये या कंपनीत दाखल झाले. त्यांच्या हातून तेथे आकाराला आलेले पहिले वाहन म्हणजे दहा आसनी जी-१ ग्लायडर. ते १९४१ मध्ये उडाले. भारतीय अभियंत्याने आखलेल्या या वाहनाला इंजिन नव्हते, हा योगायोग असला तरी बोलका आहे. सांगाडा आणि पंख यांचे ज्ञान देशात आले होते. इंजिनाचे ज्ञान यायचे होते.

युद्धाच्या धामधुमीत सरकारने कंपनीतील वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना दोस्तराष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीत गुंतला. नव्या आराखड्यांना तेथे तूर्त वाव उरला नाही. त्याच काळात, डिसेंबर १९४२ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली. विमानाचा आराखडा करू शकणारी माणसे आधी तयार झाली पाहिजेत, हे काम त्यांनी तेथे मार्गी लावले.

अर्ध्या इंजिनाची गोष्ट

घाटगे यांच्या पुढील कामाचे मर्म कळण्यासाठी थोडे इंग्लंडला जावे लागेल. पहिले महायुद्ध संपले तेव्हा तेथे रेनो बनावटीच्या आठ सिलिंडरच्या विमान इंजिनांचा मोठा साठा पडून होता. जेफ्री डी हॅव्हिलंड यांना दोन माणसांचे, हौशी वैमानिकाला परवडेल असे विमान बनवायचे होते. त्यासाठी स्वस्त व हलके इंजिन मिळत नव्हते. फ्रँक हाफर्ड या अभियंत्याने त्या जुन्या इंजिनाची एक बाजू, म्हणजे चार सिलिंडर घेतले, त्यांना नवी पेटी दिली आणि ६० अश्वशक्तीचे सिरस इंजिन तयार केले. फेब्रुवारी १९२५ मध्ये हे अर्धे इंजिन लावून डी हॅव्हिलंड यांचे मॉथ विमान उडाले. जुना माल संपत आला तेव्हा हाफर्ड यांनीच जिप्सी हे नवे इंजिन आखले. मॉथ जातीच्या विमानांनी इंग्लंडबरोबरच भारतातील फ्लाइंग क्लबही उभे केले. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते याच घराण्यातील पुस मॉथ विमानातून.

या कथेचा बोध सरळ आहे. विमान स्वस्त झाले ते इंजिन स्वस्त झाल्यामुळे. लाकूड, कापड आणि मजुरी यांच्या खर्चात काटकसर करायला मर्यादा असतात. हलक्या विमानाच्या किमतीतील सर्वांत मोठा एकटा वाटा बहुधा इंजिनाचाच असतो आणि ठरावीक तास उडाल्यावर त्याची संपूर्ण उघडणी करावी लागत असल्यामुळे तो खर्च पुन्हा पुन्हा येतो.

अमेरिकेत तर हा विचार आणखी पुढे गेला. मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या लहानशा गावी बर्नार्ड पीटनपोल या स्वयंशिक्षित कारागिराने १९२९ मध्ये फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचे सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन आपल्या एअर कॅम्पर विमानाला बसवले. आर्थिक मंदीच्या त्या दिवसांत गॅरेजमध्ये मिळणाऱ्या इंजिनावर उडणारे विमान ही मोठीच गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर फोक्सवॅगन मोटारीच्या इंजिनाने युरोपातील हौशी बांधकांना हाच आधार दिला. ते इंजिन हवेने थंड होणारे, समोरासमोर सिलिंडर असलेले, वजनाने हलके आणि लाखोंच्या संख्येने बनणारे होते.

एचटी-२ : पहिले भारतीय विमान

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाच्या नवशिक्या वैमानिकांसाठी जुन्या टायगर मॉथची जागा घेणारे विमान हवे होते. घाटगे १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये मुख्य आराखडाकार म्हणून परतले आणि एचटी-२ या विमानाचे काम सुरू झाले. मागेपुढे दोन आसने, खालच्या बाजूला पंख आणि सर्व बांधणी धातूची, असे हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले ते पहिले इंजिनयुक्त विमान होय. पुढे दीडशेहून अधिक एचटी-२ विमाने तयार झाली. त्यांपैकी काही घाना या देशालाही देण्यात आली. हवाई दलातील वैमानिकांच्या अनेक पिढ्यांनी उड्डाणाची मुळाक्षरे या विमानावर गिरवली.

पहिल्या एचटी-२ ला डी हॅव्हिलंडचे जिप्सी मेजर इंजिन होते. दुसऱ्या नमुन्याला आणि नंतरच्या उत्पादनाला ब्लॅकबर्न कंपनीचे १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर बसवण्यात आले. म्हणजे अर्ध्या इंजिनातून सुरू झालेल्या त्याच इंग्रजी घराण्यातील दोन शाखा भारताच्या पहिल्या विमानाच्या नाकाशी आल्या. पुढे सिरस मेजरचे उत्पादन बंद झाले, सुटे भाग दुर्मिळ झाले आणि काही एचटी-२ विमानांना अमेरिकेच्या लायकमिंग कंपनीचे इंजिन बसवावे लागले. सांगाडा टिकला, इंजिनाची वंशावळ खुंटली. विमान आपले असले तरी त्याचे आयुष्य परदेशातील एखाद्या कारखान्याच्या निर्णयावर अवलंबून राहते, याचा हा पहिला अनुभव होता.

क्लबचे विमान पुष्पक

सामान्य नागरिकाशी घाटगे यांच्या कामाचा खरा संबंध आला तो पुष्पकमुळे. फ्लाइंग क्लबना शिकवण्यासाठी साधे, कमी खर्चाचे आणि गवताच्या धावपट्टीवरही चालणारे विमान हवे होते. एरॉन्का चीफ या अमेरिकी विमानाच्या धर्तीवर आखलेले दोन आसनी पुष्पक सप्टेंबर १९५८ मध्ये उडाले. पंख वरच्या बाजूला, शिक्षक व विद्यार्थी शेजारी शेजारी, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापडाचे आवरण आणि पुढे ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन. रचना इतकी सोपी की क्लबच्या शेडमध्ये बरीचशी दुरुस्ती होऊ शकत असे. सुमारे दीडशे पुष्पक विमाने बांधली गेली आणि देशभरातील क्लबमधून ती दीर्घकाळ उडत राहिली. हरियाणातील कर्नाल येथे बालपणी कल्पना चावला यांना विमानाची पहिली ओढ लागली, त्यातही तेथील क्लबच्या पुष्पकचा वाटा होता.

विमान कमी खर्चाचे झाले, इंजिन मात्र डॉलर मोजूनच आणावे लागे. १९५७-५८ च्या सुमारास देशात परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. अशा काळात प्रत्येक इंजिन आणि त्याचा प्रत्येक सुटा भाग आयात परवान्याच्या रांगेत उभा राहत असे. पुष्पकसाठी पीई-९०एच हे ९० अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन बंगळूरच्या कारखान्यात विकसित करण्याचा प्रयत्न झालाही. तथापि पुष्पकच्या ताफ्याचा मुख्य आधार कॉन्टिनेंटलच राहिले.

याचे कारण अभियंत्यांच्या कुवतीत नव्हते, ते संख्येत होते. पुष्पक जवळपास ज्या काळात आले त्याच काळात अमेरिकेत सेस्ना १५० हे तशाच कामाचे विमान बाजारात आले. त्याचे उत्पादन १९७७ पर्यंत चालले आणि संख्या सुमारे २४ हजारांवर पोहोचली. पुष्पकची संख्या दीडशेच्या आसपास थांबली. दीडशे इंजिनांसाठी साचे, भट्ट्या, चाचणीची यंत्रे आणि प्रमाणपत्रांचा खर्च कोणत्याही कारखान्याला परवडत नाही.

मोटारीचे इंजिन का नाही?

येथे वाचकाच्या मनात सहज प्रश्न उभा राहील. विमानाचे इंजिन परवडत नव्हते, तर देशात बनणारे मोटारीचे इंजिन पुष्पकला का बसवले नाही? उत्तर तीन भागांत आहे.

पहिला भाग वजनाचा. त्या काळी भारतात अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड या मोटारी बनत. तिन्हींची इंजिने पाण्याने थंड होणारी, एका रांगेत सिलिंडर असलेली आणि बिडाची. त्यांच्याबरोबर रेडिएटर व पाणीही उचलावे लागले असते. पुष्पकचे कॉन्टिनेंटल इंजिन सुमारे ८५ किलो वजनात ९० अश्वशक्ती देत असे. पीटनपोल यांचे फोर्ड इंजिन सुमारे ११० किलोचे असून जेमतेम ४० अश्वशक्ती देई. इंजिन जड झाले की सांगाडा मजबूत करावा लागतो, त्यामुळे पंख मोठे करावे लागतात आणि ते सर्व उचलायला पुन्हा अधिक शक्ती लागते. दोन माणसे नेणाऱ्या छोट्या विमानात हे दुष्टचक्र फार लवकर फिरते. फोक्सवॅगनसारखे हवेने थंड होणारे हलके इंजिन भारतीय मोटार उद्योगाकडे नव्हते. युरोपातील हौशी बांधकाला जो पर्याय शेजारच्या गॅरेजमध्ये मिळाला, तो येथे उपलब्धच नव्हता.

दुसरा भाग काम करण्याच्या पद्धतीचा. रस्त्यावरील मोटार बहुतांश वेळ आपल्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरते. विमानाचे इंजिन मात्र पूर्ण शक्तीवर जमीन सोडते आणि नंतर तासन् तास सुमारे तीन चतुर्थांश शक्तीवर चालते. शिवाय पंख्याची टोके ध्वनीच्या वेगाजवळ गेली की तो निरुपयोगी ठरू लागतो, म्हणून तो मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावा लागतो. मोटारीचे इंजिन आपली पूर्ण ताकद त्याहून कितीतरी अधिक फेऱ्यांवर देते. त्यामुळे मधे वेग कमी करणारी दातेरी चक्रे किंवा पट्टा हवा. पंख्याची ओढ सोसणारे बेअरिंग हवे आणि एक ठिणगी बंद पडली तरी दुसरी चालू राहावी म्हणून दुहेरी प्रज्वलनही हवे. हे सारे जोडता जोडता स्वस्त इंजिन स्वस्त राहत नाही.

तिसरा भाग जबाबदारीचा. पीटनपोल स्वतःसाठी विमान बांधत होते आणि त्यातील धोका त्यांचा स्वतःचा होता. घाटगे यांचे विमान क्लबमधील अननुभवी मुलामुलींना घेऊन उडणार होते. अशा विमानाला नागरी विमानवाहतूक खात्याचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी इंजिनही प्रमाणित असावे लागते. रस्त्यात इंजिन बंद पडले तर मोटार कडेला घेता येते. शिकाऊ वैमानिकाला आकाशात ही सवलत नसते. स्वस्ताईचा मोह टाळून प्रमाणित इंजिन आयात करण्याचा मार्ग त्यामुळेच अपरिहार्य ठरला.

कृषक आणि किरण

पुष्पकचेच मोठे भावंड म्हणावे असे कृषक विमान १९५९ मध्ये उडाले. त्याला २२५ अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन होते. नाव शेतकऱ्याचे असले तरी हे विमान प्रत्यक्षात लष्कराच्या तोफखान्यासाठी हवाई टेहळणीच्या कामी आले. नागरी बाजारपेठ लहान आणि लष्कराची मागणी निश्चित, हे त्या काळचे वास्तव यातून दिसते.

पुढे घाटगे यांच्या नेतृत्वाखाली किरण हे जेट प्रशिक्षण विमान आखले गेले. सप्टेंबर १९६४ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. पुढच्याच महिन्यात कंपनीचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स असे रूपांतर झाले. किरणने हवाई दलाला अनेक दशके साथ दिली आणि सूर्यकिरण या कसरतपटू पथकाने २०११ पर्यंत हेच विमान वापरले. त्याचे व्हायपर इंजिन मूळ ब्रिटिश बनावटीचे होते. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरमध्येच बनलेल्या मारुत या लढाऊ विमानाची कथाही याहून निराळी नव्हती. आराखडा उत्तम असूनही हवे तितके शक्तिशाली इंजिन न मिळाल्यामुळे मारुत आपल्या पूर्ण क्षमतेला कधीच पोहोचले नाही. लहान क्लबच्या विमानापासून लढाऊ विमानापर्यंत दुखणे एकच होते.

भारत सरकारने १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरवले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. बंगळूरमधील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या सभागृह संकुलाला आज त्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात मात्र विमानविद्येशी संबंध नसलेल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

न सुटलेले गणित

घाटगे निवृत्तीनंतरचे जीवन जगत असताना भारतीय रस्त्यांवर एक मोठा बदल झाला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर लहान, हलके, तीन सिलिंडरचे सुझुकी इंजिन आले. त्याच सुझुकी कंपनीच्या थोड्या मोठ्या इंजिनांवर पाश्चात्य देशांतील हौशी बांधकांनी विमाने उडवली. भारतात मात्र पुष्पकच्या जागी तशाच साधेपणाचे विमान मोठ्या संख्येने बनवणारा कोणी उरला नव्हता. मोटारीचे योग्य इंजिन आले तेव्हा विमान नव्हते आणि विमान होते तेव्हा इंजिन नव्हते.

त्यानंतरचे चित्रही फारसे बदललेले नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने विकसित केलेले हंस हे दोन आसनी विमान १९९३ मध्ये उडाले. त्याची सुधारित आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये उडाली. हलकी संमिश्र द्रव्यांची काया, आधुनिक उपकरणे, पण इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे. मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना त्याच्या नोंदणीसाठी २०१७ पर्यंत झगडावे लागले. स्वतः विमान बांधणाऱ्या नागरिकासाठी आपली नियमव्यवस्था किती अपुरी होती, हे त्यातून उघड झाले.

हा विषय केवळ श्रीमंतांच्या छंदाचा आहे असे मानणे चुकीचे ठरेल. खामगावची कापसाची बाजारपेठ आणि शेगावसारखे तीर्थक्षेत्र असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातून आजही नियमित प्रवासी विमानसेवा नाही आणि बुलढाणा शहरात तर रेल्वेही पोहोचलेली नाही. अशा जिल्ह्यांसाठी मोठ्या विमानतळांपेक्षा छोटी धावपट्टी आणि छोटे विमान हाच व्यवहार्य मार्ग ठरू शकला असता. वैमानिक होऊ पाहणाऱ्या येथील मुलामुलींना आज प्रशिक्षणासाठी लाखो रुपये उभे करावे लागतात. त्या खर्चात आयात विमान, आयात इंजिन आणि महागडे विमान पेट्रोल यांचा वाटा मोठा असतो.

घाटगे यांनी सिद्ध केले ते हे की, भारतीय अभियंता जगाच्या तोडीचा सांगाडा आखू शकतो, तो साध्या सामग्रीतून बांधू शकतो आणि तो वर्षानुवर्षे सुरक्षित उडू शकतो. उरलेले अर्धे काम देशाकडे होते. दरवर्षी लाखो मोटारी आणि कोट्यवधी दुचाकींची इंजिने बनवणाऱ्या या देशाने त्यांतील एक इंजिन विमानाच्या कसोटीला उतरवून, प्रमाणित करून दाखवले, तर पुष्पकच्या काळात अपुरे राहिलेले गणित पूर्ण होईल. हसूरचंपूच्या या अभियंत्याचे त्याहून उचित स्मारक दुसरे नसेल.